स्विस खात्याचं गुपित कोण जपतं, कोण फोडतं

जिनिव्हातल्या यूबीएस बँकेत नोकरी करणारा ब्रॅडली बर्कनफेल्ड हा अमेरिकी बँकर एकदा टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये हिरे दडवून अमेरिकेत घेऊन गेला. हिरे चोरीचे नव्हते. त्याच्याच एका ग्राहकासाठी, त्या ग्राहकाच्याच स्विस खात्यातल्या पैशातून विकत घेतलेले होते. ही हकिगत बर्कनफेल्डने पुढे न्यायालयात स्वतःच कबूल केली. एखाद्या सस्पेन्स कादंबरीत हा प्रसंग आला असता, तर लेखकाने जरा जास्तच ताणलंय असं म्हणून आपण पान उलटलं असतं. पण सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. आपलाच पैसा आपल्याच देशात आणायला माणसाला टूथपेस्टची ट्यूब का लागते?

कारण तो पैसा स्वित्झर्लंडमध्ये आहे, हे त्याच्या देशाच्या कर खात्याला माहीत नसतं. बँकेमार्फत सरळ पाठवला तर नोंद होणार, आणि नोंद झाली की कुणीतरी विचारणार, हा आला कुठून? परदेशात खातं असणं हा मुळात गुन्हा नाही. भारतातही नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली कुणीही निवासी भारतीय वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम कायदेशीरपणे बाहेर पाठवू शकतो. गुन्हा होतो तो लपवल्यामुळे. म्हणून या धंद्यात बँक पैसे सांभाळण्याची जी फी घेते, तिच्यात गप्प बसण्याचा मोबदला मोठा असतो. पैसे सांभाळायला मुंबईतली बँकही पुरेशी होती.

सिनेमात दिसतं ते ‘नंबरचं खातं’ म्हणजे नाव नाही, गाव नाही, आकडा सांगा आणि बॅग घेऊन जा. प्रत्यक्षात असं काही नव्हतं. नंबरच्या खात्यातही बँकेकडे ग्राहकाचा पासपोर्ट असायचा, पत्ता असायचा, सह्या असायच्या. फक्त रोजच्या कागदांवर नावाऐवजी आकडा किंवा टोपणनाव छापलं जाई आणि खरं नाव बँकेतल्या मोजक्या लोकांनाच ठाऊक असे. खात्याचा खरा मालक कोण हे नोंदवून ठेवण्याचा करार तर स्विस बँकांनी १९७७ मध्येच केला होता. ग्राहकाच्या घरी पत्र जाऊ नये म्हणून त्याची सगळी टपालं बँकेतच ठेवून घेण्याची सोय होती. वर्षा-दोन वर्षांनी तो यायचा, बँकेच्या खोलीत बसून पत्रं वाचायचा आणि तिथेच फाडून जायचा. थोडक्यात, नाव कुठेतरी लिहिलेलं असायचंच. प्रश्न एवढाच, की ते वाचणारा माणूस तोंड उघडेल का?

त्याने ते उघडू नये याची तजवीज १९३४ च्या स्विस बँकिंग कायद्यातल्या ४७ व्या कलमाने केली. ग्राहकाची माहिती बाहेर देणं हा त्यामुळे फौजदारी गुन्हा ठरला. आपल्याकडे बँकेने माहिती फोडली तर सहसा भरपाईच्या दाव्याचीच भाषा होते. तिथे कारकुनाला तुरुंग दाखवला गेला.

हा कायदा का आला याची एक गोड कहाणी स्विस बँका १९६० च्या दशकापासून सांगत आल्या: नाझींच्या राज्यात ज्यूंचा पैसा वाचावा म्हणून म्हणे तो केला. इतिहासकारांना हे पटत नाही. त्याआधी दोन वर्षं, ऑक्टोबर १९३२ मध्ये, पॅरिसमध्ये पोलिसांनी एका जागी छापा घातला होता. बाझल या स्विस शहरातल्या एका बँकेचे अधिकारी तिथे बसून फ्रेंच ग्राहकांचे व्यवहार उरकत होते. हजाराहून जास्त ग्राहकांच्या याद्या पोलिसांच्या हाती लागल्या. त्यात सेनेटर होते, सेनापती होते, बिशपही होते. फ्रेंच संसदेत काही नावं जाहीर वाचली गेली. मग घाबरलेल्या ग्राहकांनी बाझलच्या त्या बँकेतून पैसे काढायला सुरुवात केली. त्याच सुमारास मंदीमुळे इतर स्विस बँकाही डबघाईला आल्या होत्या. सरकारने बँकांवर देखरेख आणली आणि त्याच कायद्यात गुप्ततेला तुरुंगाचं कुलूपही लावलं.

ज्यूंच्या कहाणीचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. युद्धानंतर छळछावण्यांत मेलेल्या खातेदारांचे वारस झुरिकला पोचले, तेव्हा त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला मागितला गेला. आउशवित्झमध्ये दाखले मिळत नव्हते. पन्नास वर्षं ती खाती तशीच निपचित पडून राहिली.

मग जानेवारी १९९७ मध्ये झुरिकच्या युनियन बँक ऑफ स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्तोफ माइली नावाचा रखवालदार गस्तीवर असताना कागद बारीक करण्याच्या यंत्राच्या खोलीत डोकावला. तिथे जुन्या वह्या आणि खातेपुस्तकं नष्ट होण्यासाठी ठेवलेली दिसली. काही नोंदी नाझी काळातल्या होत्या, जर्मनीतल्या मालमत्तांबद्दलच्या होत्या. बेवारस खात्यांच्या चौकशीसाठी असे कागद नष्ट करायला नुकतीच, म्हणजे डिसेंबर १९९६ मध्ये, कायद्याने बंदी आली होती. माइलीने काही कागद उचलले आणि एका ज्यू संस्थेला नेऊन दिले. त्याची नोकरी गेली. वर बँकेची गुप्तता मोडल्याबद्दल त्याच्याविरुद्धच चौकशी सुरू झाली! शेवटी तो बायकोमुलांसह अमेरिकेत गेला आणि अमेरिकी संसदेने त्याच्या कुटुंबासाठी खास कायदा करून त्यांना आसरा दिला. पुढच्या वर्षी स्विस बँकांनी वारसांसाठी १२५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. या साऱ्या प्रकरणात एवढे मुत्सद्दी आणि वकील राबले, पण पुरावा हाती आला तो एका रखवालदारामुळे.

आता बर्कनफेल्डकडे परत येऊ. तो माइलीसारखा साधा माणूस मुळीच नव्हता.

२००१ ते २००५ या काळात त्याचं काम होतं अमेरिकी श्रीमंत हेरून त्यांना जिनिव्हात खातं उघडायला लावणं. यूबीएसचे बँकर त्यासाठी मायामीतली कलाप्रदर्शनं, शिडाच्या बोटींच्या शर्यती असल्या ठिकाणी जात. अमेरिकेत उतरताना कामासाठी आलोय असं न सांगता सहलीला आलोय असं सांगत. सोबत सांकेतिक कुलूप असलेले लॅपटॉप असत. अधिकाऱ्यांनी अडवलं तर काय करायचं, याचं प्रशिक्षण बँकेतच मिळे. अमेरिकनांचे न सांगितलेले सुमारे २००० कोटी डॉलर या बँकेत होते आणि त्यावर बँक वर्षाला २० कोटी डॉलरच्या आसपास कमवत होती.

यात एक अडचण आली होती. २००१ पासून यूबीएसने अमेरिकी कर खात्याशी करार केला होता, की अमेरिकी शेअर बाळगणाऱ्या अमेरिकी ग्राहकांची नावं कळवू. आता अमेरिकन ग्राहकाचं नाव कळवायचं नाही आणि करारही मोडल्यासारखा दिसू द्यायचा नाही, हे कसं जमवायचं? तर ग्राहकाच्या नावचं खातं पनामा, हाँगकाँग किंवा ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या एखाद्या कागदी कंपनीच्या नावाने करायचं. मग अमेरिकेसाठीच्या फॉर्मवर लिहायचं, ‘मालक परदेशी कंपनी’. आणि स्विस नियमांसाठीच्या फॉर्मवर खरं नाव: अमुक अमुक, कॅलिफोर्निया. एकाच फाइलीत हे दोन कागद मांडीला मांडी लावून बसलेले असत. या धंद्याचं आख्खं वर्णन त्या दोन कागदांत आहे.

२००५ मध्ये बर्कनफेल्डच्या हाती बँकेच्या अंतर्गत संगणकावरचं तीन पानी टिपण लागलं. ज्या कामासाठी त्याला पगार मिळत होता तेच काम करायला त्या टिपणात मनाई होती. उद्या प्रकरण अंगावर आलं तर बँक हा कागद पुढे करणार आणि आपल्याला बळीचा बकरा करणार, हे तो समजून चुकला. त्याने नोकरी सोडली आणि २००७ मध्ये अमेरिकी सरकारकडे जाऊन सगळं सांगितलं. आधीच्याच डिसेंबरात तिथे नवा नियम झाला होता: करबुडव्याची माहिती देणाऱ्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा. त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली की हिशेब जुळला, हे मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

पुढे जे झालं ते कुठल्या कथालेखकाला सुचलं नसतं. फेब्रुवारी २००९ मध्ये यूबीएसने ७८ कोटी डॉलर भरले आणि अडीचशेच्या आसपास नावं दिली. त्याच वर्षी आणखी ४,४५० खात्यांची माहिती द्यायला ती कबूल झाली. १९३४ नंतर प्रथमच एवढ्या घाऊक प्रमाणात नावं देशाबाहेर गेली. बर्कनफेल्डच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने, कॅलिफोर्नियातल्या एका अब्जाधीश बिल्डरने, ५.२ कोटी डॉलर भरले आणि तो तुरुंगात न जाता सुटला. तुरुंगात गेला तो बर्कनफेल्ड. त्या बिल्डरबद्दल त्याने वेळेवर पुरतं सांगितलं नाही, असं सरकारी वकिलांचं म्हणणं होतं. ४० महिन्यांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये तो बाहेर आला आणि सप्टेंबरात त्याच सरकारने त्याला १० कोटी ४० लाख डॉलरचं बक्षीस दिलं.

स्वित्झर्लंडने यानंतर माघार घेतली ती एका वेगळ्या मुद्द्यावर. तिथल्या कायद्यात उत्पन्न न दाखवणं आणि खोटे कागद करून कर बुडवणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली फौजदारी गुन्ह्यात मोडत नव्हती. त्यामुळे दुसऱ्या देशाने मदत मागितली, की उत्तर ठरलेलं: खोटे कागद केल्याचा पुरावा द्या. पुरावा तर त्यांच्याच तिजोरीत! मार्च २००९ मध्ये परदेशी मागण्यांपुरता हा भेद सोडायला स्विस सरकार तयार झालं. आणि १७४१ सालची वेगेलिन ही तिथली सर्वांत जुनी बँक २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेत गुन्हा कबूल करून कायमची बंद पडली.

कागदी कंपनीचा विषय निघालाच आहे तर तोही समजून घेऊ. आपल्याकडे हा प्रकार अजिबात नवा नाही. जमीन साहेबांची, सातबारा ड्रायव्हरच्या नावावर. ऑफशोअर कंपनी म्हणजे परदेशी कायद्याने धुतलेला हाच सातबारा. फरक इतकाच की ड्रायव्हर उद्या फिरू शकतो, म्हणून तिथे त्याच्याकडून कोरा राजीनामा आधीच सही करून घेतलेला असतो. ब्रिटिश व्हर्जिन बेटांनी १९८४ मध्ये असा कायदा केला, की परदेशी माणसाने तिथे कंपनी काढावी, तिथे धंदा करू नये, आणि मालकाचं नाव कुठल्या जाहीर वहीत येणार नाही. पनामातल्या मोसॅक फोन्सेका या वकिली पेढीने असल्या कंपन्या दुकानातल्या मालासारख्या तयार ठेवल्या. त्यांच्या कार्यालयातले साधे कर्मचारी हजारो कंपन्यांचे संचालक होते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये या पेढीचे १ कोटी १५ लाख कागद फुटले. जर्मनीतल्या एका वर्तमानपत्राकडे ते पाठवणाऱ्याने आपलं नाव आजवर सांगितलेलं नाही. आइसलँडच्या पंतप्रधानांना मुलाखतीत त्यांच्या विंट्रिस नावाच्या कंपनीबद्दल विचारलं तेव्हा ते उठून चालते झाले आणि कागद जाहीर झाल्यावर दोन दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. शेजारच्या पाकिस्तानात मात्र प्रकरण रंगलं ते फाँटवरून. नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाचे लंडनच्या पार्क लेनवरचे फ्लॅट ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या दोन कंपन्यांच्या नावावर होते. मुलगी मरियम ही मालक नसून नुसती विश्वस्त आहे असं दाखवणारा दस्त न्यायालयात आला. तारीख फेब्रुवारी २००६. अक्षरवळण कॅलिब्री. तपास पथकाने लंडनच्या एका तज्ज्ञाला विचारलं, तर तो म्हणाला, हा फाँट सर्रास बाजारात आला तो जानेवारी २००७ मध्ये. आधी तो चाचणीसाठी काही संगणकवाल्यांकडे होता, हेही त्याने नंतर मान्य केलं. पण पाकिस्तानभर तोवर कॅलिब्री हा चेष्टेचा विषय झाला होता.

आणि गंमत बघा: जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शरीफ यांना अपात्र ठरवलं ते या फ्लॅटवरून नव्हे. दुबईतल्या मुलाच्या कंपनीकडून मिळू शकणारा, पण न घेतलेला पगार निवडणुकीच्या अर्जात दाखवला नाही, एवढ्या कारणावरून. फ्लॅटच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा पुढे उच्च न्यायालयात रद्द झाली. मरियम २०२२ मध्ये सुटल्या, शरीफ २०२३ मध्ये. मोसॅक फोन्सेका २०१८ मध्ये बंद झाली, तरी पनामातल्या न्यायालयाने २०२४ मध्ये तिच्याशी संबंधित आरोपींना निर्दोष सोडलं. असली गुपितं फुटतात तेव्हा आवाज मोठा होतो. न्यायालयात त्यातलं किती टिकतं ते वेगळं.

भारताच्या वाट्याला या गोष्टी आल्या त्या लिफाफ्यांतून. स्वित्झर्लंडला लागून असलेल्या लिश्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातल्या एलजीटी बँकेच्या एका कर्मचाऱ्याने तिथल्या विश्वस्त खात्यांची माहिती चोरून जर्मन गुप्तहेर खात्याला ४० लाखांहून जास्त युरोंना विकली. २००८ च्या फेब्रुवारीत जर्मन पोस्टाच्या प्रमुखाच्या घरावर सकाळी सकाळी धाड पडली ती त्यातूनच. विकणारा नवी ओळख घेऊन नाहीसा झाला. त्या यादीतली काही भारतीय नावं जर्मनीने दिल्लीला दिली. दुसरी यादी जिनिव्हातल्या एचएसबीसीची. तिथल्या एर्व्हे फाल्चानी या संगणक कर्मचाऱ्याने ती फ्रान्सला पोचवली आणि फ्रान्सने २०११ मध्ये ६२८ भारतीय नावं आपल्याला दिली.

इथे एक पेच होता. नावं करविषयक करारांखाली आलेली, म्हणजे ती फक्त करासाठी वापरायची, जाहीर करायची नाहीत. स्विस सरकारकडे आणखी तपशील मागावा तर ते म्हणणार, चोरीच्या मालावर आम्ही बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दडपण आणल्यावर ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने ६२७ नावं बंद लिफाफ्यात सादर केली आणि न्यायालयाने लिफाफा न फोडता विशेष तपास पथकाकडे सोपवला. लोकांना वाटत होतं, आता पैसे परत येणार. खात्यांतली बरीचशी रक्कम तोवर हललेली किंवा मॉरिशससारख्या वाटेने ‘परदेशी गुंतवणूक’ बनून इथेच परतलेली असू शकते, याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. २०१५ मध्ये काळा पैसा कायदा आला. त्यातच एक खिडकी उघडली होती: सप्टेंबरअखेर सांगा, ६० टक्के भरा आणि मोकळे व्हा. ६४४ जणांनी मिळून ४,१६४ कोटी रुपये जाहीर केले.

त्यानंतर चित्र बदललं ते कुठल्या धाडसी चोरामुळे नाही. शंभराहून जास्त देशांनी ठरवलं, की आपल्या बँकांतल्या परदेशी रहिवाशांची माहिती दरवर्षी ज्याच्या त्याच्या देशाला आपोआप पाठवायची. स्वित्झर्लंडकडून भारताला असा पहिला गठ्ठा सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाला. नाव, पत्ता, कर क्रमांक, शिल्लक, व्याज. ना हिरे, ना रखवालदार. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे फाइल.

आणि या जाळ्यात अडकतंय कोण? हिंजवडीतला अभियंता. अमेरिकी कंपनीत नोकरी, पगाराबरोबर मिळालेले शेअर तिकडच्या ब्रोकरकडे. त्याच्या दृष्टीने तो पगाराचाच भाग. टीडीएसही कापला गेलेला. पण निवासी भारतीयाने परदेशातली प्रत्येक मालमत्ता विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात लिहायलाच हवी, उत्पन्न शून्य असलं तरी. तिथे आर्थिक वर्ष चालत नाही. जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब द्यावा लागतो, आणि नेमकं तिथेच अनेकांचं चुकतं. परत आलेल्यांचं जुनं बँक खातंही त्यात धरायचं. परतल्यानंतरची पहिली काही वर्षं, कायद्याने ‘सामान्य निवासी’ ठरेपर्यंत, तेवढी सूट. न लिहिल्यास काळा पैसा कायद्याखाली वर्षाला दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून वगळलंय. कर खातं हल्ली एसएमएस पाठवून आठवण करतं. असा निरोप आला असेल तर घाबरू नका, पण तो पुसूनही टाकू नका. सीएला दाखवा आणि मुदत असेल तर सुधारित विवरणपत्र भरा.

ज्या अमेरिकेने स्विस बँकांना नमवलं ती या देवाणघेवाणीत मात्र सामील नाही. ती स्वतःच्या कायद्याने जगभरच्या बँकांकडून अमेरिकनांची माहिती घेते. देताना मोजकंच देते. साउथ डकोटा राज्याने १९८३ मध्येच विश्वस्त निधी पिढ्यान्‌पिढ्या, मुदतीविना चालवायची मुभा दिली आणि आज तिथे परदेशी श्रीमंतांचे निधी येऊन बसतात. डेलावेअरमध्ये कंपनी काढताना खरा मालक कोण हे राज्याला सांगावं लागत नाही. ते केंद्र सरकारला सांगावं लागेल असा कायदा तिथे झाला होता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने देशी कंपन्यांना त्यातून वगळून टाकलं.